नाण्यांना बोलके करणारा गणिती

पाठपरिचय

जमिनीत दडलेली नाणी व दागिने हुडकून काढण्यासाठी आज धातुशोधक यंत्रे उपलब्ध आहेत. परंतु नाणे सापडणे आणि नाण्याचा अर्थ उमगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या कामासाठी कोणते साधन निवडावे, या प्रश्नाचे अनपेक्षित उत्तर एका मराठी भाषक गणितज्ञाने दिले. त्या विद्वानाचे, म्हणजेच दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे जीवन व कार्य प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

साधन आणि हेतू

इ. स. १८९१ मध्ये बंगळूरजवळील यशवंतपूर येथे लोहमार्गाच्या कामासाठी खोदकाम चालू असताना चांदीच्या नाण्यांचा एक साठा हाती लागला. ती नाणी म्हैसूर संस्थानची नव्हती, विजयनगरचीही नव्हती. त्यांवर ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस अशा रोमन सम्राटांच्या मुद्रा होत्या. हजारो मैलांवरील रोमची चांदी दोन सहस्रकांपूर्वी दख्खनच्या पठारावर पोहोचली होती, याचा तो पुरावा होता. त्या मातीत नाणी आहेत, हे कोणत्याही यंत्राने सांगितले नव्हते. ती खणणाऱ्यांच्या हाती योगायोगाने लागली.

आज असा शोध घेण्यासाठी धातुशोधक यंत्र वापरता येते. या यंत्राच्या तळाशी तारेचे एक वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडला की सभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली म्हणजे तिच्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. त्यांची चाहूल वेटोळ्याला लागते आणि यंत्र आवाज करते. असे यंत्र निवडताना हेतू आधी ठरवावा लागतो. मोठे वेटोळे अधिक खोलवर पोहोचते. परंतु बारीकसे नाणे किंवा कर्णफूल टिपण्यास लहान वेटोळे अधिक उपयोगी पडते. लोखंडी खिळे व पत्र्याचे तुकडे वगळण्याची सोय काही यंत्रांत असते. पण ती फार कडक ठेवली, तर सोन्याचा नाजूक दागिनाही त्यांच्यासोबत वगळला जातो. समुद्रकाठच्या ओल्या, खारट वाळूत सामान्य यंत्र फसवे संकेत देते. तेथे स्पंद पद्धतीचे यंत्र अधिक विश्वसनीय ठरते. सारांश, सर्व कामांसाठी उत्तम असे एकच यंत्र नसते.

कायद्याचे भानही तितकेच आवश्यक आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास तिची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. संरक्षित पुरातन स्थळी परवानगीवाचून खोदकाम करणे हा अपराध आहे. या नियमांमागे एक सखोल कारण आहे. साठ्यातील नाणी एकमेकांपासून विलग झाली, काही वितळवली गेली, काही बाजारात विकली गेली, की त्या साठ्याची साक्ष कायमची पुसली जाते. यंत्राला धातू कळतो. धातूमागील माणूस कळत नाही. तो माणूस शोधण्यासाठी कोसंबींनी जे साधन निवडले, ते म्हणजे अचूक वजन करणारा तराजू.

घडण

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर अभ्यासक होते. ज्ञानाच्या ओढीने त्यांनी घरदार सोडून नेपाळ, श्रीलंका व ब्रह्मदेशापर्यंत भ्रमंती केली होती. जे जाणून घ्यायचे, त्यासाठी कष्ट उपसायचे आणि मिळालेले ज्ञान स्वतः पारखून घ्यायचे, हा संस्कार दामोदरांना घरातच लाभला.

इ. स. १९१८ मध्ये धर्मानंद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले, तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरांना सोबत नेले. केंब्रिज शहरातील शाळेत दामोदरांचे शिक्षण झाले. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये त्यांनी उच्च श्रेणीत पदवी संपादन केली. गणित हा त्यांचा मुख्य विषय होता. परंतु अनेक युरोपीय भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. एका विषयाच्या कुंपणात स्वतःला कोंडून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्याच वर्षी ते भारतात परतले. बनारस हिंदू विद्यापीठ व अलीगढ मुस्लीम विद्यापीठ येथे अल्पकाळ अध्यापन केल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९३१ मध्ये त्यांचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. १९३४ मध्ये गणितातील संशोधनाबद्दल त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक प्राप्त झाले. गणितज्ञ म्हणून त्यांचा मार्ग सरळ व निश्चित दिसत होता. परंतु याच काळात एका निराळ्या प्रश्नाने त्यांचे चित्त वेधले.

तराजूची निवड

संख्याशास्त्र ही गणिताची शाखा कोसंबींना मनापासून आवडत असे. परंतु ती केवळ पुस्तकातून शिकण्यापेक्षा एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नावर पडताळून पाहावी, असे त्यांना वाटे. तसा प्रश्न त्यांना भारताच्या सर्वांत जुन्या नाण्यांत सापडला.

ही नाणी आहत नाणी या नावाने ओळखली जातात. चांदीच्या पत्र्याचे लहान तुकडे कापून, वजन जुळवून, त्यांवर निरनिराळे ठसे ठोकून ती तयार करीत. त्यांचे प्रमाण वजन साधारणपणे ३२ रत्ती, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम असे. त्यांच्या एका बाजूवर सूर्य, प्राणी, वृक्ष, डोंगर अशी पाच चिन्हे असत. दुसऱ्या बाजूवर कधी एकही ठसा नसे, तर कधी बारीक ठशांची दाटी असे. मात्र कोणत्याही नाण्यावर राजाचे नाव नसे, वर्ष नसे, अक्षरही नसे. त्यामुळे कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे, हे सांगणे कठीण होते. विद्वान चिन्हांचे अर्थ लावीत, परंतु त्यांत एकवाक्यता नव्हती.

कोसंबींनी प्रश्नाची दिशाच बदलली. नाण्यावर काय लिहिले आहे, यापेक्षा नाण्याचे काय झाले आहे, याकडे त्यांनी लक्ष वळवले. नाणे हातोहात फिरते, थैलीत दुसऱ्या नाण्यांवर घासते, मोजले जाते, फेकले जाते. प्रत्येक वेळी त्याचा अतिसूक्ष्म अंश झिजतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, परंतु संवेदनशील तराजूला ती कळते. ज्याला अक्षर नाही, त्या नाण्याची जन्मकुंडली त्याच्या वजनात दडलेली असली पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

झिजेचा नियम

तर्क मांडणे सोपे असते. तो सिद्ध करणे कष्टाचे असते. प्राचीन नाण्यांचे वय ठाऊक नव्हते. म्हणून कोसंबींनी प्रथम स्वतःच्या काळातील चलनी नाणी हाती घेतली. आधुनिक नाण्यावर ते कोणत्या वर्षी पाडले, हे कोरलेले असते. त्यामुळे त्याचे वजन आणि त्याचे वय यांची तुलना करता येते. त्यांनी अशी नाणी गोळा केली, वर्षांनुसार त्यांचे गट केले आणि एकेक नाणे तराजूत ठेवून वजनाची नोंद केली. प्राचीन व आधुनिक मिळून त्यांनी हजारो नाणी वजन केली. हे काम कंटाळवाणे होते. त्यात ना खजिना सापडण्याचा थरार होता, ना तत्काळ प्रसिद्धी.

या नोंदींतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, नाणी जितकी वर्षे चलनात फिरली असतील, तितके त्यांचे सरासरी वजन ठरावीक गतीने घटत जाते. दुसरी अशी की, गटातील नाण्यांच्या वजनांमधील तफावत काळाबरोबर वाढत जाते.

हे तत्त्व घरातील उदाहरणाने समजून घेता येईल. एकाच कारखान्यातील सारख्या वजनाच्या साबणाच्या वड्या दहा घरांत एकाच दिवशी दिल्या, तर पंधरा दिवसांनी प्रत्येक वडी लहान झालेली असेल. म्हणजे सरासरी घटली. परंतु मोठ्या कुटुंबातील वडी अधिक झिजलेली असेल आणि एकट्या माणसाची कमी. म्हणजे तफावत वाढली. वड्या कधी दिल्या हे ठाऊक नसले, तरी त्यांच्या वजनांवरून तो काळ अजमावता येईल. मात्र एकच वडी पाहून तसे सांगता येणार नाही. त्यासाठी पुष्कळ वड्या एकत्र हव्यात. नाण्यांचा साठा अखंड राहणे का महत्त्वाचे असते, याचे उत्तर येथे मिळते.

तक्षशिलेची साक्ष

हा नियम कोसंबींनी तक्षशिला येथील भीर टेकाडात सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यांना लावला. १९२४ मध्ये मिळालेल्या एका मोठ्या साठ्यात हजाराहून अधिक नाणी होती. त्यांत अलेक्झांडरची दोन व फिलिप अर्‍हिडियस याचे एक, अशी तीन ग्रीक नाणी जवळजवळ कोरी अवस्थेत होती. त्यामुळे तो साठा इ. स. पू. ३१७ च्या सुमारास पुरला गेला असावा, असे मानले जाते. १९१२ मध्ये मिळालेल्या दुसऱ्या साठ्यात डायोडोटस या नंतरच्या ग्रीक राजाचे नाणे होते. म्हणजे दोन साठ्यांत काही दशकांचे अंतर होते. कोसंबींना हवा होता, तसा आधार त्यांत मिळाला.

एका साठ्यातील नाणी एकाच वेळी जमिनीत गेलेली असतात. त्यामुळे मातीचा परिणाम सर्वांवर साधारण सारखा होतो. उरलेला वजनातील फरक मुख्यतः चलनातील झिजेचा असतो. या आधारावर कोसंबींनी सारख्या चिन्हांच्या नाण्यांचे गट पाडले आणि सरासरी वजनानुसार त्यांचा क्रम लावला. तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. वजन जसजसे कमी, तसतसे मागील बाजूवरील बारीक ठसे अधिक. याचा अर्थ, ते ठसे नाणे पाडताना उमटवलेले नव्हते. नाणे चलनात असताना ठरावीक काळाने त्याची पारख होत असे आणि प्रत्येक पारखीच्या वेळी एक ठसा उमटवला जात असे. मूक चांदीमागे सावध व्यापाऱ्यांची एक शिस्तबद्ध व्यवस्था उभी होती.

नंतरच्या, मौर्यकालीन मानल्या जाणाऱ्या नाण्यांत चांदीबरोबर तांब्याचे प्रमाण वाढलेले आणि वजनातील काटेकोरपणा कमी झालेला त्यांना आढळला. विशाल साम्राज्य, मोठे सैन्य आणि वाढता खर्च यांचा ताण राज्याच्या चलनावर पडला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. राजांच्या स्तुतिपर लेखांत जे कधी नोंदवले जात नाही, ते नाण्याच्या वजनाने सांगितले होते. पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगावच्या परिसरात मिळालेल्या आहत नाण्यांचाही त्यांनी अशाच पद्धतीने अभ्यास केला.

बंगळूरचे व्यासपीठ

गणितज्ञाने नाण्यांवर लिहावे, ही गोष्ट त्या काळी अपरिचित होती. नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना त्यातील गणित अवघड वाटे, तर गणितज्ञांना नाणी परकी वाटत. अशा लेखनाला व्यासपीठ मिळाले ते बंगळूर येथे. तेथून १९३२ पासून ‘करंट सायन्स’ हे विज्ञानविषयक नियतकालिक प्रसिद्ध होत होते. विज्ञानाच्या सर्व शाखांना त्यात स्थान होते. आहत नाण्यांच्या वजनांचे संख्याशास्त्रीय विवेचन करणारे कोसंबींचे लेख १९४० पासून त्यात प्रसिद्ध झाले. चलनात फिरल्याने नाण्याच्या वजनावर होणाऱ्या परिणामाविषयीचा त्यांचा लेख १९४२ मध्ये त्याच नियतकालिकात आला. ज्या शहराच्या वेशीवर रोमन चांदी सापडली होती, त्याच शहरातून भारतीय चांदीच्या नाण्यांचे नवे शास्त्र देशापुढे आले, हा एक सुखद योग म्हणावा लागेल.

नाण्यांकडून माणसांकडे

नाण्यांचा क्रम लागला. परंतु ती कोणी पाडली, हा प्रश्न शिल्लक होता. त्याच्या उत्तरासाठी कोसंबी पुराणे, बौद्ध व जैन ग्रंथ यांकडे वळले. त्यासाठी त्यांनी संस्कृतचा सखोल अभ्यास केला. त्यातूनच भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये त्यांच्या हातून सिद्ध झाली. एका प्रश्नाचा पाठपुरावा करताना दुसरी विद्या शिकावी लागली, तर ती शिकायची, हा त्यांचा बाणा होता. याच वर्षांत आनुवंशिकतेच्या शास्त्रातही त्यांनी मोलाची भर घातली. गुणसूत्रांवरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांनी १९४४ मध्ये मांडलेले सूत्र आजही कोसंबींच्याच नावाने ओळखले जाते.

पुढे डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. या संस्थेचे कार्य १९४५ मध्ये बंगळूर येथे सुरू होऊन लवकरच मुंबईस स्थलांतरित झाले होते. कोसंबी पुण्यात राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. सुट्टीच्या दिवशी हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या ते पालथ्या घालीत. तेथे त्यांना अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारे सापडली. खेड्यापाड्यांतील देवतांची ठाणी, जुन्या पायवाटा, शेतकरी व धनगर यांच्या चालीरीती यांचीही ते बारकाईने चौकशी करीत. नाण्याची झीज मोजणाऱ्या नजरेला पायवाटेची झीजही अर्थपूर्ण दिसत होती.

या साऱ्या अभ्यासाचे फलित म्हणजे १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ होय. राजे आणि लढाया यांच्या यादीऐवजी लोक कसे जगत, काय पिकवीत, काय वापरीत, याला त्यांनी इतिहासाच्या केंद्रस्थानी आणले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा दुसरा महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

अखेर आणि वारसा

कोसंबींचा स्वभाव स्पष्टवक्ता होता. पटले नाही ते ते उघडपणे सांगत. त्यामुळे त्यांना विरोधही सहन करावा लागला. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांची सेवा संपुष्टात आली. तरीही त्यांचे संशोधन थांबले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५८ वर्षांचे होते. नाण्यांविषयीचे त्यांचे लेख १९८१ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांचे सर्वच निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाहीत. विशिष्ट चिन्हे विशिष्ट राजांशी जोडण्याबाबत पुढील अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या. परंतु पद्धतीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. नाण्याचा अभ्यास अंदाजावर नव्हे, तर मोजमापावर उभा राहिला पाहिजे, ही त्यांची शिकवण कायम राहिली. शास्त्रज्ञाचा मोठेपणा अचूक उत्तरांइतकाच योग्य प्रश्न विचारण्यातही असतो.

पुरलेला प्रत्येक साठा म्हणजे परत न आलेल्या माणसाची गोष्ट असते. कोणीतरी संकटकाळी आपली पुंजी मातीच्या स्वाधीन केली आणि ती घ्यायला तो पुन्हा येऊ शकला नाही. धातुशोधक यंत्र त्या जागेपर्यंत नेऊ शकते. तेथून पुढची वाट संयमाची, नोंदींची आणि प्रामाणिकपणाची असते. दामोदर कोसंबी आयुष्यभर त्याच वाटेने चालत राहिले.

शब्दार्थ

आहत नाणी – ठसे ठोकून तयार केलेली प्राचीन नाणी
निखात निधी – जमिनीत पुरलेले धन
रत्ती – गुंजेच्या बीवर आधारलेले वजनाचे जुने माप
नाणकशास्त्र – नाण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास
तफावत – फरक, अंतर
चिकित्सक आवृत्ती – अनेक हस्तलिखिते पडताळून सिद्ध केलेली ग्रंथाची प्रत

स्वाध्याय

१. धातुशोधक यंत्र निवडताना हेतू आधी का ठरवावा लागतो?
२. प्राचीन नाण्यांपूर्वी कोसंबींनी आधुनिक नाणी का वजन केली?
३. नाण्याच्या मागील बाजूवरील ठशांवरून कोसंबींनी कोणता निष्कर्ष काढला?
४. सापडलेला नाण्यांचा साठा अखंड राहणे का आवश्यक आहे, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या घरातील दहा सारख्या मूल्याची नाणी घ्या. त्यांवरील वर्षे पाहून जुनी व नवी असे गट करा आणि त्यांच्या झिजेत दिसणारा फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.